बेचाळीस पानं आणि यंदाचा हुरडा

नाना, तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी बरोबर सात वाजता, तुमचा फोन वाजला. काकूंनी तो फळीवर तुमच्या चष्म्याशेजारी ठेवला होता. मी चहा घेऊन आले होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बघ गं, कुणाचा निरोप आलाय." निरोप आमच्या दवाखान्याचा होता. 'नमस्कार. आज सकाळी वजन केलंत का? आपलं हृदय, आपली जबाबदारी.' त्याच्या मागोमाग दुसरा आला, पाणी मोजून प्या म्हणून. आणि तिसरा, 'आनंदी राहा.' तिन्ही निरोप मीच लिहिलेले होते. काकूंनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, काही नाही, जाहिरात आहे.

दवाखान्यात जाऊन मी हे निरोप बंद करायला सांगितलं. संगणकापाशी बसणारा म्हणाला, तसं करता येत नाही, रुग्णानं स्वतः 'थांबा' असं लिहून पाठवावं लागतं. म्हणून संध्याकाळी तुमच्या फोनवरून मी तुमच्या वतीनं 'थांबा' लिहिलं. लगेच उलट प्रश्न आला, 'आपण ही सेवा का थांबवू इच्छिता? खालीलपैकी एक पर्याय निवडा.' पर्याय पाच होते. ते पाचही मीच तयार केले होते, आणि तुमचा त्यात नव्हता. मी तुमच्या ओट्यावर बसून आधी हसले आणि मग रडले, आणि काकूंना वाटलं माझं डोकं फिरलं.

लोक विचारतात, नाना तुझे कोण? मी सांगते, शेजारी. एवढं सांगून पुढं बोलता येत नाही. पडेगावात आपल्या दोन घरांमध्ये छातीएवढी एकच भिंत, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी चहाचे कप ठेवून ठेवून डाग पडलेले. तुम्ही एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलंत. आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा, त्यावर क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवायचा. निवृत्त झालात तरी हात थांबला नाही. घरात आलेल्या लग्नपत्रिकेवरसुद्धा क्रमांक पडल्याशिवाय काकूंना आहेराचा विचार करायची परवानगी नव्हती. आणि मी एका मोठ्या दवाखान्यात रुग्णांना समजावून सांगायचं काम करते. डॉक्टर तपासतात, मी समजावते. निदान माझा तसा समज होता.

अडीच वर्षांपूर्वी तुमचं हृदय थकलं आणि तुम्ही माझ्याच टेबलासमोर येऊन बसलात. मी तुम्हाला आमची फाईल दिली. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, बेचाळीस पानं. मला त्या फाईलीचा फार अभिमान होता. मिठावर सात पानं होती, पाण्यावर चार, व्यायामावर पाच, आणि चालताना कसले बूट घालावेत यावर एक स्वतंत्र पान. 'तणाव टाळा' या विषयावर तीन पानं होती, ती लिहिताना मला डोकेदुखीची गोळी घ्यावी लागली होती.

दोन दिवसांनी ती फाईल भिंतीवरून परत आली. वर टाचणीनं अर्धा कागद लावलेला. तो मी अजून जपून ठेवलाय, त्यामुळं शब्द न् शब्द सांगते. 'सदर फाईल तपासली असता खालील त्रुटी आढळून आल्या. पान सतरा दोनदा आले आहे. पान अठरावर मीठ घातक असल्याचे म्हटले असून पान तेवीसवर मीठ शरीरास आवश्यक असल्याचे म्हटले आहे, तरी मिठाबाबत निश्चित भूमिका कळवावी. प्रत्येक पानावर लाल चौकट असल्याने तातडीची बाब कोणती हे समजून येत नाही. कार्यवाही कोणी, केव्हा व कोठे करावयाची याचा कोठेही उल्लेख नाही. त्रुटीपूर्ततेसाठी परत.' खाली सही आणि तारीख.

मी फणफणत भिंतीशी आले.

"नाना, हे काय आहे?"

"फाईल परत केली. यात वाईट काय वाटायचं? आमच्याकडं निम्म्या फायली परत जात हुत्या."

"ही कचेरी नाही. ही तुमच्या जिवाची माहिती आहे."

"म्हून तर नीट वाचली. आमचे साहेब अर्ध्या पानाच्या पुढं कदी वाचले नाय, आन् त्यांना काय आजार नव्हता. तू आजारी माणसाला बेचाळीस पानं द्यायलीस."

ते ऐकून मी आणखी चिडले. का चिडले हे तुम्हाला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. माझे वडील गेले तेव्हा मी बारावीत होते. नऊ दिवस ते वॉर्डात होते आणि नऊ दिवसांत आम्हाला कुणी एक शब्द सांगितला नाही. 'बघू', 'चालू आहे', 'बाहेर बसा', एवढंच. दहाव्या दिवशी एकदम सही करायला बोलावलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी ठरवलं होतं की मोठी झाले की माझ्यासमोर बसलेल्या माणसाला सगळं सांगायचं, काही म्हणून मागं ठेवायचं नाही. हे ऐकून तुम्ही कप खाली ठेवला.

मग म्हणालात, "तुझं बरोबर हाय, पोरी. काहीच न सांगणं लई वाईट. पण समदं एकदम सांगणं बी तसलंच हाय. दोन्हीकडून माणूस बाकावरच बसून ऱ्हातो."

मला ते पटलं नाही. तसं मी सांगितलंही. त्यानंतर आपण या एकाच मुद्द्यावर भांडत राहिलो, आणि भांडण इतकं अंगवळणी पडलं की एखाद्या दिवशी झालं नाही तर काकू विचारायच्या, आज काय बिनसलंय का?

पाण्याचं आठवतं? दिवसाला दीड लिटर, सगळं धरून, असं मी सांगितलं होतं. तुम्ही 'सगळं' या शब्दावर बोट ठेवलंत. वरण हे अन्न की पाणी? काकूंचं वरण पातळ असतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण म्हणून ते पाण्यात धरायचं? मी म्हटलं, निम्मं धरा. "निम्मं म्हंजी वाटीतलं वरलं का खाललं?" मी वैतागून रात्रंदिवस खपून एक तक्ता केला, वरण, आमटी, ताक, चहा, कलिंगड, काकडी, कशात किती पाणी. बेचाळीसची त्रेचाळीस पानं झाली. तुम्ही तक्ता वरून खालपर्यंत वाचलात. "कलिंगड मी खातच नाय. काकडी मला बाधती. तुला माझ्याकरता एक ओळ लिहायची हुती, तू अख्खी मंडई लिहिलीस." काकूंनी दुसऱ्या दिवसापासून वरण घट्ट केलं आणि प्रश्न मिटला. तो उपाय त्रेचाळीस पानांत कुठंही नव्हता.

मग माणसं भेटायला येऊ लागली. आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. एका हातात शहाळं असतं आणि तोंडात एक औषध. पहिल्या पंधरा दिवसांत तुम्हाला दुधीचा रस, अर्जुनाची साल, मेथीचं पाणी, उत्तरेकडं डोकं करून झोपणं आणि उत्तरेकडं डोकं अजिबात न करणं, असं सगळं सांगून झालं. एखाद्याचं डोकं गरगरलं असतं. तुम्ही जुनी वही काढलीत, पट्टीनं रकाने आखलेत आणि प्रत्येक सल्ल्याला आवक क्रमांक टाकायला सुरुवात केलीत. दिनांक, सल्ला देणाऱ्याचं नाव, सल्ल्याचा विषय, कुणाला गुण आला, सही.

'कुणाला गुण आला' या रकान्यानं मोठमोठ्यांची दांडी उडवली. दुधीचा रस सांगणाऱ्या पाहुण्यांना तुम्ही अगदी आदरानं विचारलंत, "ज्यांना गुण आला त्यांचा फोन लावता का? दोन शब्द बोलतो." पाहुणे म्हणाले, "ते तर मागल्या साली वारले." तुम्ही तसं लिहून घेतलंत आणि सहीसाठी वही पुढं केलीत. पाहुण्यांना एकदम आठवलं की त्यांची गाडी सुटायची वेळ झालीये. न कचरता सही केली ती फक्त तुमच्या कचेरीतल्या पठाणसाहेबांनी. "नाना, सुबे-सुबे लसन की एक कली चबाव, दिल घोडे के माफिक दौडताय." असं म्हणून त्यांनी झोकात सही ठोकली आणि खाली 'सेवानिवृत्त' असंही लिहिलं. काकू मात्र त्या वहीवर खूश होत्या. वही बाहेर काढली की पाव्हणे लवकर उठत्यात, असं म्हणायच्या.

त्या वहीत तुम्ही माझेही सल्ले चढवत होतात, हे मला माहीत नव्हतं. मामला तिथंच बिघडला.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तुमचं औषध बदललं आणि एक गोष्ट बजावून सांगितली. रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साचतंय असं समजून लगेच दवाखाना गाठायचा. हे मी तुम्हाला सांगितलं. पण माझ्या स्वभावाप्रमाणे त्याच्या आगेमागे आणखी सहा गोष्टी सांगितल्या. तुम्ही घरी जाऊन सातही नोंदवल्यात. वजनाचा आवक क्रमांक आला अठ्ठ्याऐंशी. आणि तुमचा नियम ठरलेला, काम क्रमानंच होईल, इथं वशिला चालत नाय. त्या वेळी तुमच्याकडं क्रमांक एकोणऐंशी चालू होता. सकाळी अनवाणी हिरवळीवर चालणं. मे महिन्यात पडेगावात हिरवळ कुठून आणणार? तुम्ही दौलताबादच्या रस्त्यानं पार पुढंपर्यंत जाऊन शोधून आलात. हिरवळ मिळेना, म्हणून तो विषय प्रलंबित राहिला आणि त्याच्या मागचे सगळे अडकून पडले.

नवव्या दिवशी पहाटे काकूंनी भिंतीवरून हाक मारली. तुमचे पाय खांबासारखे सुजले होते आणि आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. चार दिवस तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी काकूंच्या पिशवीत मला ती वही सापडली आणि मी ती उघडली. अठ्ठ्याऐंशी क्रमांकापुढं तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'क्रमाने घेण्यात येईल.'

मी तुमच्यावर ओरडले, नाना. नाकात नळी असलेल्या माणसावर ओरडले. वजन सगळ्यात महत्त्वाचं आहे हे उघड नाही का, असं म्हणाले. तुम्ही नळी सावरत म्हणालात, "उघड आसतं तर मी इथं आसतो का? तू सात गोष्टी एका दमात सांगितल्यास. कुठली पयली, ते सांगितलं नाय. मी जशा आल्या तशा लावल्या." बरोबर होतं तुमचं. पण मी ते तेव्हा कबूल केलं नाही, नंतरही केलं नाही. आज करते. चूक तुमच्या वहीची नव्हती.

घरी आल्यावर मी एक काम मात्र केलं. वहीतल्या कागदाची एक पट्टी फाडली, त्यावर 'उठल्यावर आधी वजन' एवढंच लिहिलं आणि तुमच्या दाढीच्या आरशावर चिकटवली. त्या दिवसापासून एकही सकाळ चुकली नाही. सात वाजले की भिंतीपलीकडून पुकारा व्हायचा, "बासष्ट दोनशे!" मी इकडून "ठीक!" म्हणायचे. सगळ्या गल्लीला तुमचं वजन पाठ झालं होतं. भाजीवाली गाडी लावता लावता विचारायची, आज बाबाचं किती? एकदा तुम्ही गावाला गेलात तेव्हा ती खरंच काळजीत पडली होती. आता सात वाजता मी नळ तसाच सोडून उभी राहते, आणि मग लक्षात येतं.

एवढं होऊनही मी दवाखान्यात बेचाळीस पानांचीच फाईल देत राहिले. तुमच्यासाठी पट्टी आणि जगासाठी फाईल. तुम्ही विचारलंत, "बाकीच्यांच्या घरी आरसे नाय का?" मी म्हटलं, नियम आहे. हे उत्तर तुम्हाला देताना मला लाज वाटायला हवी होती, कारण नियमाची बाजू घेण्यात तुम्ही माझ्यापेक्षा किती तरी पुढं होतात, आणि तरी तुम्ही नुसते हसलात.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

तुमच्या धाकट्या भावाचं, बबनकाकांचं, रान लासूर स्टेशनजवळ आहे. दरवर्षी डिसेंबरात तिथं हुरडा असायचा आणि आगटी तुमच्या ताब्यात असायची. गोवऱ्या कशा रचायच्या, कणसं कधी फिरवायची, कुणाच्या हातावर पहिला घास चोळायचा, यात बबनकाकांचंही काही चालत नसे. मी एकदा आले होते तुमच्याबरोबर. वर्षभर रकाने आखणारा माणूस तोंडाला राख लावून, उकिडवा बसून, लहान पोरासारखा ओरडत होता, "खा, खा, थंड व्हायच्या आत खा, मोजू नका!" मी तुम्हाला तसं एरवी कधी बघितलं नाही.

गेल्या डिसेंबरात तुमची तपासणी झाली त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं होतं. हृदय फार दमलंय, पुढचा हिवाळा बघतील असं वाटत नाही. तुझे शेजारी आहेत ना, तूच नीट समजावून सांग. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. भिंतीशी तुम्ही मला पोरी म्हणायचात, टेबलासमोर मॅडम. त्या दिवशी खुर्ची पुढं ओढलीत आणि म्हणालात, "मॅडम, एकच विचारायचंय. बबनचा फोन आलता, हुरडा आलाय म्हणून. पुढल्या हुरड्याला मी हाय का नाय? नसंन तर यंदा जाऊन येतो. आसंन तर हिला कशाला थंडीत तरास."

इतका स्वच्छ प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी फाईल उघडली. पान छत्तीस, 'आजाराचा पुढचा प्रवास'. पंचवीस मिनिटं बोलले. हृदयाची डावी बाजू, उजवी बाजू, पंप, झडपा, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, नवीन औषधं येत आहेत, सकारात्मक राहायचं. दोन चित्रंही काढून दाखवली. तुम्ही गुडघ्यांवर हात ठेवून शांतपणे ऐकत होतात. मी थांबले तेव्हा विचारलंत, "म्हंजी?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी जाऊ की, नाना. यंदा थंडी किती आहे. तिथं धूर, चटणीत मीठ. पुढच्या वर्षी मी स्वतः गाडी करून नेते तुम्हाला."

"बरं," म्हणालात. फाईल बगलेत मारलीत आणि गेलात. त्या दिवशी तुम्ही काहीच लिहून घेतलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

बबनकाकांनी स्टीलच्या डब्यातून हुरडा पाठवला. काकूंनी तो तव्यावर गरम केला, मीठ न घालता. तुम्ही चार दाणे तोंडात टाकलेत. "डब्यातला हुरडा म्हंजी फोनवर लगीन लावल्यासारखं हाय," म्हणालात, आणि डबा भिंतीवरून माझ्याकडं सरकवलात. मी हसले आणि सगळा खाल्ला.

ह्या कार्तिकात तुम्ही गेलात. बबनकाका आले तेव्हा म्हणाले, रानात ज्वारी आत्ता कुठं गुडघ्याला लागलीय. मी त्यांना विचारलं नव्हतं, त्यांनी आपण होऊन सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, माणसं जेवून गेली, आणि मी काकूंबरोबर मागच्या दारी भांडी घासायला बसले. मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले होते, नानांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. म्हटलं, काकू, माझ्यामुळं त्यांचा हुरडा गेला. काकूंनी परात विसळली, पालथी घातली आणि म्हणाल्या, "त्यांना ठावं हुतं की."

"कसं? मी तर सांगितलंच नाही."

"तू घंटाभर बोललीस म्हणं."

"पंचवीस मिनिटं."

"तेच. घरी आले आन् म्हणले, जवाब नकाराचा हाय. कचेरीत मंजूर आसलं की दोन वळीचं पत्र निघतंय, नामंजूर आसलं की दोन पानाचं. पोरीनं तर चित्रं काढून दाखवली."

तांब्या खाली ठेवून मी विचारलं, मग कळलं होतं तर गेले का नाहीत? त्या वेळी तर चालत होते, फिरत होते.

"मी बी तेच म्हणलं, कामून जात नाय? तर म्हणले, आता गेलो तर तिला कळंन की मला कळलंय. मंग ती रडत बसंन. बापाच्या वक्ताला लई रडलीय ती. ऱ्हाऊ दे. एका हुरड्यानं काय व्हतंय."

नाना, मला तुमचा भयंकर राग आला. आजही आहे. अख्ख्या जगाच्या फायली त्रुटी काढून परत पाठवणारे तुम्ही, माझी खोटी फाईल तेवढी मुकाट्यानं ठेवून घेतलीत. ती परत करायची होतीत. भिंतीवरून हाक मारायची होतीत, पोरी, खरं सांग. मी सांगितलं असतं. कदाचित तेव्हाही पान छत्तीस उघडलं असतं. ते आता कळायची काही सोय नाही. ज्याला मी सगळं सांगणार होते त्याच माणसानं मला सांभाळून घेतलं, आणि मला वर्षभर त्याचा पत्ता नव्हता. या गोष्टीबद्दल तुमचे आभार कसे मानायचे हेही मला कळत नाही. मानते एवढं मात्र खरं.

परवा मी कामावर परत गेले. सोयगावकडच्या एक मावशी आल्या होत्या. तुमचाच आजार, आणि डॉक्टरांनी मला त्यांच्याबद्दल जवळजवळ तेच सांगितलेलं. मी सवयीनं फाईल उघडून मिठापासून सुरुवात केली. त्या ऐकत होत्या, पण डोळे कुठं तरी दुसरीकडंच होते. मधेच म्हणाल्या, "ताई, पोरगी बाळंतपणाला यायची हाय चैतात. तिची सासू म्हणती, ह्या खेपंला आमच्याकडंच ऱ्हाऊ दे, दुसऱ्या खेपंला माहेरी धाडू. मी आसंन का दुसऱ्या खेपंला?"

खरं सांगते, नाना, माझा हात पान छत्तीसकडं गेलाच. तिथपर्यंत पोचला आणि थांबला. मी फाईल मिटून खणात टाकली. म्हटलं, "मावशी, दुसऱ्या खेपेचा भरवसा वाटत नाही. पोरीला याच खेपेला बोलवा." माझा आवाज थरथरत होता. पंचवीस मिनिटं बोलताना तो अजिबात थरथरला नव्हता.

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. मग पिशवीतून फोन काढला आणि तिथंच, माझ्यासमोर, पोरीला लावला. "ह्याच खेपंला ये. सासूला म्हणावं, आईनं सांगितलंय. आगं नाय, कारण मागून सांगते. चैताची वाट बघू नको, संक्रांत झाली की नीघ." फोन पिशवीत टाकला, दोरी ओढून पिशवीचं तोंड बंद केलं आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"हां. आता सांगा. मिठाचं काय म्हणत हुत्या?"

मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं, आणि त्यांनी ती दोन्ही वाक्यं मला परत म्हणून दाखवली, एक शब्दही न चुकता. तुम्हालाही असंच सांगता आलं असतं, नाना. यंदाच जाऊन या, एवढंच म्हणायचं होतं. माहिती माझ्याकडं भरपूर होती. मी घाबरले होते.